घरचा हिंसाचार कामाच्या जागी पोचतो तेव्हा: मालकाच्या जबाबदारीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला दोन बाजूंनी येतात. एचआरमधली माणसं ते दबक्या आवाजात विचारतात. ज्यांच्यावर प्रसंग गुदरलेला असतो त्या बायका बहुधा बरंच उशिरा विचारतात. उत्तरं दोघांनाही चालतील अशी लिहिली आहेत. कायद्याची माहिती आहे ती सर्वसाधारण. स्वतःच्या प्रकरणात वकिलाला कागद दाखवायलाच हवेत.

घरातलं भांडण घरात. त्यात कंपनीचा संबंध येतो कुठे?

घर सोडून गेलेल्या बाईचा नवा पत्ता नवऱ्याला माहीत नसतो. फोन नंबर तिने बदललेला असतो. पण ती किती वाजता कामावर येते, कुठल्या गेटने बाहेर पडते, शिफ्ट कधी सुटते हे त्याला तोंडपाठ असतं. आयुष्यातलं बाकी सगळं बदलता येतं, नोकरीची जागा चटकन बदलता येत नाही. म्हणून तो तिथेच येतो.

नवऱ्याने केलेल्या मारहाणीचा दोष कंपनीवर येत नाही, हे आधी स्पष्ट करून टाकू. कंपनीला विचारलं जातं ते तिच्या स्वतःच्या वागण्याबद्दल. धोका आपल्या दारापर्यंत आला आहे हे कळल्यावर तुम्ही काय केलंत?

मग मालक नेमका कधी अडकतो?

देशोदेशीचे कायदे वेगवेगळे शब्द वापरतात, पण कोर्टातला वाद फिरून फिरून त्याच काही मुद्द्यांवर येतो. पहिला मुद्दा जागेचा आणि वेळेचा: हल्ला कामाच्या ठिकाणी झाला का, किंवा कामाच्या वेळेत, कंपनीच्या गाडीत, पार्किंगमध्ये झाला का. दुसरा म्हणजे धोक्याची कल्पना होती का, किंवा सावध माणसाला ती यायला हवी होती का. तिसरा, परवडणारी आणि जमण्यासारखी खबरदारी घेतली गेली का. आणि शेवटचा, ती घेतली असती तर इजा टळली असती किंवा निदान कमी झाली असती का.

माझ्या मते या सगळ्यात दुसरा मुद्दा निर्णायक असतो. काहीच कल्पना नसताना अचानक हल्ला झाला, तर मालकावर बोट ठेवणं अवघड जातं. उलट धमकीचा एक मेल एचआरच्या इनबॉक्समध्ये तीन आठवडे उघडून पडलेला असेल, तर बाकीचे मुद्दे सिद्ध करणं वकिलाला तुलनेने सोपं जातं.

‘कंपनीला माहीत होतं’ असं कधी म्हणतात? साहेबांना लेखी कळवलं तरच का?

हा गैरसमज फार पसरलेला आहे. कंपनी म्हणजे एक माणूस नव्हे. सुपरवायझरला कळलं, सुरक्षारक्षकाने पाहिलं, रिसेप्शनवर नोंद झाली, तर बऱ्याचदा ते कंपनीलाच कळलं असं धरलं जातं. निदान तसा युक्तिवाद तरी होतोच.

एका प्रकरणात मी गेटवरचं रजिस्टर चाळत होते. निळ्या शाईत, तिरप्या अक्षरात एकच नाव अकरा दिवसांत चार वेळा. ‘कोणाला भेटायचे’ या रकान्यात तीच कर्मचारी. ‘कारण’ या रकान्यात प्रत्येक वेळी ‘वैयक्तिक’. चौथ्या नोंदीसमोर रक्षकाने आपणहून लिहिलं होतं: ‘मॅडमनी भेटण्यास नकार दिला, इसम आरडाओरडा करून गेला.’ व्यवस्थापनाचं म्हणणं होतं की आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याच पानाच्या तळाशी प्रशासन अधिकाऱ्याची साप्ताहिक सही होती. न वाचता केलेली असणार. पण सही ती सहीच.

कळण्याच्या वाटा आणखीही असतात. वारंवार येणारे फोन, अंगावरच्या जखमा, कामाच्या तासांत वीस-वीस मेसेज, शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेर उभी असलेली तीच मोटरसायकल. यातल्या एकेका खुणेवरून निष्कर्ष काढू नये. पण खुणा साठत गेल्या की ‘आम्हाला वाटलंच नाही’ हे उत्तर तोकडं पडतं.

असा थेट कायदा कुठे आहे का?

आहे, आणि त्याच्या मागे एक मृत्यू आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, विंडसर शहरातल्या एका रुग्णालयात २००५ साली एका परिचारिकेचा खून झाला. मारणारा तिचा पूर्वीचा जोडीदार होता, आणि त्याच रुग्णालयात डॉक्टर. त्याच्या वागण्याबद्दल तक्रारी आधीच झाल्या होत्या. पुढे मृत्यूची जाहीर चौकशी झाली, शिफारशी आल्या, आणि प्रांताने कामगार सुरक्षेचा कायदा बदलला. बदल १५ जून २०१० पासून लागू आहे. त्याचा आशय असा: घरगुती हिंसाचारामुळे कामाच्या जागी कामगाराला शारीरिक इजा होण्याची शक्यता आहे हे मालकाला कळलं, किंवा कळायला हवं होतं, तर परिस्थितीला धरून शक्य ती प्रत्येक वाजवी खबरदारी त्याने घेतलीच पाहिजे.

‘कळायला हवं होतं’ या तीन शब्दांत सगळी मेख आहे. डोळे मिटून बसण्याची सोय त्यांनी काढून घेतली.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९० क्रमांकाचा करार २०१९ मध्ये मंजूर झाला आणि २५ जून २०२१ पासून अमलात आला. घरगुती हिंसाचाराचा कामाच्या जगावर परिणाम होतो हे मान्य करून तो शक्य तितका कमी करा, असं तो सरकारांना सांगतो. भारताने या कराराला मान्यता दिलेली नाही.

भारतात काय आहे?

ओंटारिओसारखं एक कलमी उत्तर भारतात नाही. तुकडे जोडावे लागतात, पण ते अगदीच कुचकामी नाहीत.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ सालचा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. त्याच्या कलम १८ खाली दंडाधिकारी संरक्षण आदेश देऊ शकतात, आणि त्यात तिच्या नोकरीच्या ठिकाणी पाऊल ठेवायला किंवा फोन, मेसेज अशा कुठल्याही मार्गाने तिच्याशी संपर्क करायला मनाई करता येते. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे तो गेटवर दिसला की पोलिसांना बोलावता येतं. पण हा आदेश कंपनीला आपोआप कळवला जाईल या भरवशावर राहू नका. तिने प्रत दिली पाहिजे, आणि दिल्यावर ती एचआरच्या कपाटात न राहता गेटवरच्या माणसापर्यंत पोचली पाहिजे.

दुसरा तुकडा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातला. कलम १९ मालकाला सुरक्षित वातावरण द्यायला सांगतं, आणि त्यात कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या व्यक्तींपासूनची सुरक्षितताही धरली आहे. हे शब्द लोक नजरेआड करतात. मात्र तो कायदा लैंगिक छळापुरता आहे. आवारात येऊन नवऱ्याने लैंगिक स्वरूपाची शिवीगाळ किंवा लगट केली तर तो मुद्दा मांडता येईल. नुसत्या मारहाणीला तो ओढूनताणून लावण्यात अर्थ नाही.

तिसरा, २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता. वाजवीपणे शक्य असेल तिथवर कामाची जागा सुरक्षित ठेवणं हे तिच्यात मालकाचं कर्तव्य आहे. ‘धोका’ म्हटला की यंत्रं आणि रसायनंच डोळ्यांसमोर येतात ही आपली सवय. कलमाची भाषा त्याहून रुंद आहे.

आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी हलगर्जीपणाबद्दल नुकसानभरपाईचा दिवाणी दावा उरतोच. तो वेळखाऊ असतो, आणि मी कुणाला त्याची गुलाबी चित्रं दाखवत नाही.

कामावर असताना हल्ला झाला, तर कामगार भरपाई मिळते का?

इथे एक जुनी अट आडवी येते. इजा ‘कामाच्या ओघात’ झाली एवढं पुरत नाही, ती ‘कामामुळे’ही झालेली असावी लागते. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा याच अटीवर उभा होता, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. हल्ल्यामागे खासगी वैर असेल तर विमा कंपनी आणि मालक दोघंही याच अटीवर बोट ठेवतात.

अमेरिकेत यातून एक मजेशीर पेच तयार झालाय. तिथे कामगार भरपाई मिळते तेव्हा सहसा मालकावर वेगळा दावा लावता येत नाही, भरपाई हीच मालकाची ढाल असते. पण ‘हे तर खासगी भांडण’ म्हणून मालकाने भरपाई नाकारली, तर अनेक राज्यांत ती ढालही जाते आणि हलगर्जीपणाचा दावा अंगावर येऊ शकतो.

ती घरून काम करते. मग तर आमचा प्रश्नच मिटला?

उलट गुंता वाढला. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समधलं एक प्रकरण मी नेहमी सांगते. एक बाई घरून काम करायची, कौटुंबिक मालकीच्या आर्थिक सल्ला कंपनीसाठी. जोडीदारही त्याच कंपनीत. त्याला मानसिक आजारातून भ्रम व्हायला लागले, आणि त्यातले काही तिच्या कामाशीच जोडलेले होते. २०१० मध्ये त्याने तिला घरातच ठार मारलं. मुलांसाठी भरपाई मागितली गेली. वाद २०२० मध्ये राज्याच्या अपील न्यायालयापर्यंत गेला आणि भरपाई कायम राहिली. ती त्या वेळी कामावर होती, आणि त्याच्या भ्रमांचा तिच्या नोकरीशी संबंध होता, असं न्यायालयाने मानलं.

हा निकाल एका राज्याच्या कायद्याखालचा आणि अगदी विशिष्ट परिस्थितीतला आहे, तो सगळीकडे चिकटवू नका. पण घरून काम सक्तीचं करताना एवढं तरी विचारा: ‘तुम्हाला घरून काम करायला सोयीचं आणि सुरक्षित आहे का?’ ‘नाही’ म्हणणाऱ्याकडून कारण वदवून घेऊ नका. ऑफिसात एक टेबल द्या.

ती म्हणते, ‘प्लीज, कुणाला सांगू नका.’ मग आम्ही काय करायचं?

तिचं ऐका, पण पाळता येणार नाही असं वचन देऊ नका. ‘जेवढ्या लोकांना कळणं भाग आहे तेवढ्यांनाच सांगू, आणि आधी तुम्हाला विचारून’ हे प्रामाणिक उत्तर आहे. गेटवरच्या रक्षकाला सगळी कहाणी सांगायची गरज नसते. एक फोटो आणि ‘याला आत सोडायचं नाही, आला की या नंबरवर फोन’ एवढं पुरतं.

माहिती फुटण्याचा धोका दुष्ट माणसांपेक्षा भोळ्या माणसांकडून जास्त असतो. नवरा इस्त्रीच्या शर्टात, हसतमुख, फुलांचा गुच्छ घेऊन येतो. ‘वाढदिवस आहे, सरप्राइज द्यायचंय.’ शेजारच्या टेबलवरची सहकारी कौतुकाने सांगून टाकते, ‘अहो, ती हल्ली मैत्रिणीकडे राहते ना, तिकडेच जा.’ झालं.

पोलिसांत किंवा संरक्षण अधिकाऱ्याकडे (२००५ च्या कायद्याखाली सरकारने नेमलेला अधिकारी) कधी जायचं हा निर्णय शक्यतो तिचा असावा. जिवाला तातडीचा धोका दिसत असेल तर मात्र थांबू नका, ११२ लावा. संरक्षण अधिकाऱ्याला सद्भावनेने माहिती दिली म्हणून माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, हे २००५ च्या कायद्याच्या कलम ४ मध्येच लिहिलेलं आहे.

नेमकी कोणती खबरदारी ‘वाजवी’ मानतात?

बंदूकधारी अंगरक्षक द्या असं कुणी म्हणत नाही. बहुतेक उपाय फुकटात होतात, फक्त कुणीतरी ते करायला हवेत. तिला रिसेप्शनसमोरून आतल्या खोलीत हलवा. थेट फोन बंद करून कॉल एका ठरलेल्या माणसाकडून येऊ द्या. कंपनीच्या वेबसाइटवरून, नोटीस बोर्डावरच्या शिफ्टच्या तक्त्यावरून तिचं नाव काढा. ‘आपत्काळी संपर्क’ म्हणून फाइलमध्ये कुणाचा नंबर आहे ते बघा. दहातल्या नऊ वेळा तिथे त्याचाच असतो, आणि तिला चक्कर आली तरी पहिला फोन त्याला जातो. पगाराचं खातं संयुक्त असेल आणि तिला ते बदलायचं असेल तर महिनाभर फॉर्म फिरवत बसू नका.

सगळ्यात जास्त लक्ष द्या ते येण्याच्या आणि सुटण्याच्या वेळेवर. आत कॅमेरे, कुलपं, माणसं असतात. गेट ते गाडी या दोनशे पावलांत काहीच नसतं. वेळ अर्धा तास मागेपुढे करणं, दुसऱ्या दाराने सोडणं, कुणीतरी गाडीपर्यंत सोबत जाणं, एवढ्याने फरक पडतो.

आणि तिने घर सोडलं, केस टाकली किंवा आदेश मिळवला की धोका संपला असं समजून व्यवस्था गुंडाळू नका. पकड सुटल्याचं लक्षात येतं तेव्हाच असे लोक जास्त हिंसक होतात. नेमक्या त्या आठवड्यांत जास्त जागं राहावं लागतं.

जे केलं ते तारीख घालून लिहून ठेवा. तिच्यासाठी, आणि उद्या प्रश्न आला तर तुमच्यासाठीही.

त्रास देणारा आमच्याच पगारावर असेल तर?

मग ‘आम्हाला काय करता येणार’ ही सबबच उरत नाही, कारण त्याच्यावर तुमचा ताबा आहे. आवारातल्या किंवा कंपनीच्या फोन-मेलवरून केलेल्या धमक्यांवर सेवा नियमांखाली कारवाई होते. चौकशी, निलंबन, शिफ्ट वेगळी करणं हे सगळे मार्ग खुले आहेत. हलवायचं झालं तर आधी त्याला हलवा. सोयीसाठी नेहमी तिचीच बदली होते, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

आणखी एक गोष्ट फार कमी एचआरवाल्यांना माहीत असते. २००५ च्या कायद्याच्या कलम २० खाली दंडाधिकारी त्याच्या मालकाला थेट आदेश देऊ शकतात: याच्या पगारातून अमुक रक्कम तिला द्या किंवा कोर्टात भरा. असा आदेश आला की तो पगार विभागाने पाळायचा असतो, ‘कर्मचाऱ्याची संमती’ मागायची नसते.

इतका ताप नको म्हणून तिलाच कामावरून कमी केलं तर?

तिच्या हातातला शेवटचा आधार काढून घेतलात, आणि स्वतःविरुद्ध पुरावाही तयार केलात. तिला काढण्याचं कारण हाच धोका असेल, तर तो तुम्हाला माहीत होता हे तुमच्याच पत्राने सिद्ध झालं. न्यूझीलंडच्या २०१८ च्या कायद्याने घरगुती हिंसाचाराला बळी पडल्याच्या कारणावरून प्रतिकूल वागणूक देण्यालाच मनाई केली आहे. भारतात असं नेमकं कलम नाही, पण बेकायदा बडतर्फीला आव्हान देण्याचे नेहमीचे मार्ग आहेत.

कोर्टाच्या तारखांसाठी रजा द्यावीच लागते का?

फिलिपिन्सने २००४ मध्येच १० दिवसांपर्यंत पगारी रजा दिली. न्यूझीलंडमध्ये १ एप्रिल २०१९ पासून १० दिवस, ऑस्ट्रेलियात २०२३ पासून १० दिवस. ऑस्ट्रेलियाच्या नियमातला एक बारकावा मला फार आवडतो: ही रजा पगाराच्या स्लिपवर ‘घरगुती हिंसाचाराची रजा’ म्हणून दाखवायची नाही. स्लिप घरी कोण वाचतं याचा विचार कुणीतरी केला.

भारतात घरगुती हिंसाचारासाठी अशी वेगळी वैधानिक रजा नाही. २०१३ च्या कायद्यातली तीन महिन्यांपर्यंतची रजा लैंगिक छळाच्या तक्रारीची चौकशी चालू असतानाची आहे, दोन्हींची गल्लत करू नका. पण स्वतःच्या धोरणात रजा घालायला कंपनीला कुणी अडवलेलं नाही.

ठेकेदारामार्फत आलेल्या सफाई कामगार बाईचं काय?

गेट कुणाचं? आवार कुणाचं? सुरक्षारक्षक कुणाचे? ज्याच्या हातात जागेचा ताबा, त्याच्याकडे बोट जाणारच. ठेकेदाराचीही जबाबदारी असते. ‘ती आमच्या पटावर नाही’ हे वाक्य हजेरीपुरतं ठीक आहे.

पुरुष कर्मचाऱ्यालाही हे लागू आहे का?

२००५ चा कायदा बाईलाच अर्ज करू देतो. पण कामाची जागा सुरक्षित ठेवण्याचं कर्तव्य प्रत्येक कामगारासाठी आहे. धमकी पुरुषाला आली म्हणून हसण्यावारी नेऊ नका.

पुरावा म्हणून काय जपायचं?

पहिलं सीसीटीव्ही. जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, तेव्हा घटना घडली त्याच दिवशी ‘अमुक तारखेचं, अमुक वेळेचं चित्रण जपून ठेवावे’ असं लेखी द्या आणि पोच घ्या. कोर्टात ते वापरायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, तेही कंपनीकडून वेळेत मागा. गेट रजिस्टर, कॉलची यादी, मेसेजचे स्क्रीनशॉट, कंपनीला केलेले मेल आणि त्यांची उत्तरं. उत्तर आलंच नाही, तर तेही सांगण्यासारखं असतं.

मला माझ्या ऑफिसला हे सांगायचंय. लिहू कसं?

थोडक्यात आणि लेखी. घरातला सगळा इतिहास नको. धोका काय आणि तुम्हाला काय हवंय, एवढंच. मी बायकांना साधारण असा मसुदा देते:

‘महोदय/महोदया, माझ्या पतीकडून मला धमक्या येत आहेत. दि. __ रोजी ते ऑफिसच्या गेटवर आले होते. ते पुन्हा येण्याची मला भीती वाटते. त्यांचा फोटो व न्यायालयाच्या आदेशाची प्रत सोबत जोडली आहे. कृपया त्यांना आवारात प्रवेश देऊ नये, माझी वेळ, पत्ता व फोन नंबर कुणालाही सांगू नये, आणि काही दिवस सुटताना मला गाडीपर्यंत सोबत द्यावी. ही माहिती गोपनीय ठेवावी. मिळाल्याची पोच द्यावी.’

आदेश नसेल तर ते वाक्य काढा, बाकी तसंच राहू द्या. सल्ल्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. मोफत वकिलासाठी १५१०० वर विधी सेवा प्राधिकरणाला फोन करा, बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. मेल पाठवताना ऑफिसचा कॉम्प्युटर वापरा, घरचा फोन नको. एक प्रत अशा खात्यावर ठेवा ज्याचा पासवर्ड त्याला ठाऊक नाही आणि जे घरातल्या कुठल्याच फोनवर उघडलेलं नाही.